भारतीय उपखंडातील लोकसंख्येचा जनुकीय इतिहास

भारतीय उपखंडातील लोकसंख्येचा जनुकीय इतिहास म्हणजे या प्रदेशातील लोकांचे पूर्वज कोण होते, ते कोणत्या काळात व कोणत्या दिशांनी येथे आले आणि त्यांचे परस्परांत मिश्रण कसे झाले, याचा डीएनएच्या आधारे केलेला अभ्यास होय. लोकसंख्या जनुकशास्त्र, पुरातत्त्वविद्या, मानवशास्त्र व भाषाशास्त्र या शाखांच्या सहकार्यातून हा अभ्यास उभा राहिला आहे. उपलब्ध संशोधनानुसार उपखंडातील बहुतेक लोकांचा वंश मुख्यतः तीन प्राचीन घटकांपासून बनला आहे : येथे हजारो वर्षांपासून राहणारे शिकारी-संग्राहक, प्राचीन इराणी पठारावरील लोकांशी दूरचे नाते असलेला समूह, आणि युरेशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेले पशुपालक. पूर्व व ईशान्य भारतात आग्नेय आणि पूर्व आशियाशी संबंधित घटकांची त्यात भर पडते. या घटकांचे प्रमाण समाजासमाजांत वेगवेगळे असले, तरी मुख्य भूमीवरील जवळजवळ प्रत्येक समाज मिश्र वंशाचा आहे. मिश्रणाच्या दीर्घ कालखंडानंतर जातीअंतर्गत विवाहाची प्रथा दृढ झाली आणि तिचा ठसाही डीएनएमध्ये स्पष्टपणे दिसतो.

## अभ्यासाची पार्श्वभूमी

भारतीय लोकांच्या उत्पत्तीसंबंधी पद्धतशीर लेखन एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. संस्कृत व युरोपीय भाषांमधील साम्य लक्षात आल्यानंतर भाषिक नात्याचा अर्थ अनेक लेखकांनी वांशिक नाते असा लावला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी, डोक्याचा आकार अशा शारीरिक मोजमापांवरून भारतीय समाजाची वंशांमध्ये विभागणी केली. शारीरिक लक्षणांवर हवामान, आहार व नैसर्गिक निवड यांचाही परिणाम होत असल्याने अशा वर्गीकरणाला आज शास्त्रीय मान्यता नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. जात म्हणजे एका मूळ समाजाचे तुकडे पडून झालेली रचना नसून स्वतंत्र समूह एकमेकांशेजारी राहून झालेली जुळणी आहे, आणि प्रत्येक जात हा एक विस्तारित आप्तसमूह आहे, असे त्यांनी मांडले. महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना करणारा त्यांचा व कैलाशचंद्र मल्होत्रा यांचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच सामाजिक दर्जा असलेले गटही जैविकदृष्ट्या परस्परांपासून भिन्न असू शकतात, असे त्यात दिसून आले. जातीकडे विवाहसंबंधांनी बांधलेला समूह म्हणून पाहण्याची ही दृष्टी पुढे जनुकीय अभ्यासातही महत्त्वाची ठरली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रक्तगट व प्रथिनांचा, आणि शतकाच्या अखेरीस डीएनएचा थेट अभ्यास सुरू झाला. २००९ मध्ये हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी या संस्थेतील कुमारसामी थंगराज व लालजी सिंग आणि हार्वर्ड विद्यापीठातील डेव्हिड राइश यांच्या गटाने २५ भारतीय समूहांतील १३२ व्यक्तींच्या जीनोमचे विश्लेषण प्रसिद्ध केले. हा या विषयातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

## अभ्यासपद्धती

वंशाचा मागोवा घेण्यासाठी तीन प्रकारच्या डीएनएचा उपयोग केला जातो.

* मायटोकॉन्ड्रियल डीएनए हा केवळ आईकडून अपत्यांकडे येतो. त्यावरून आईची आई, तिची आई अशी मातृवंशाची एकच रेषा मागे नेता येते.
* वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे येते व पितृवंशाची रेषा दाखवते.
* उर्वरित जीनोम आई व वडील दोघांकडून येतो आणि प्रत्येक पिढीत त्याची नव्याने सरमिसळ होते. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या जीनोममध्ये हजारो पूर्वजांची माहिती साठवलेली असते.

मिश्रण केव्हा झाले याचा अंदाज याच सरमिसळीवरून बांधता येतो. दोन भिन्न समूहांतील व्यक्तींचे अपत्य जन्माला येते तेव्हा त्याच्या गुणसूत्रांवर दोन्ही वंशांचे लांबच लांब सलग तुकडे असतात. पुढील प्रत्येक पिढीत ते अधिकाधिक आखूड होत जातात. तुकड्यांची सरासरी लांबी मोजून मिश्रणाला किती पिढ्या उलटल्या हे काढता येते, आणि एका पिढीचा काळ साधारण २८ ते २९ वर्षे धरून त्याचे वर्षांत रूपांतर केले जाते.

प्राचीन डीएनए मिळवण्याचे तंत्र २०१० नंतर वेगाने प्रगत झाले. कवटीतील आंतरकर्णाभोवतीचे घट्ट हाड यासाठी विशेष उपयुक्त ठरले आहे, कारण त्यात डीएनए इतर हाडांपेक्षा अधिक काळ टिकतो. तरीही उष्णता व आर्द्रता यांमुळे डीएनएचे विघटन होते. म्हणूनच थंड प्रदेशांतून हजारो प्राचीन जीनोम उपलब्ध झाले असताना दक्षिण आशियातील नमुने अत्यल्प आहेत. येथील इतिहासाचा मोठा भाग आजच्या लोकांच्या जीनोमवरून आणि शेजारील प्रदेशांतील प्राचीन नमुन्यांवरून मागे जाऊन रचावा लागतो.

## पहिले मानवी स्थलांतर

उपखंडात मानवसदृश प्राण्यांचे वास्तव्य आधुनिक मानवाच्या पुष्कळ आधीपासून होते. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील दगडी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ मध्ये भूशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना सापडलेली कवटी आधुनिक मानवापूर्वीच्या मानवाची आहे.

आजच्या सर्व मानवांचे मूळ आफ्रिकेत आहे. आफ्रिकेबाहेरील लोकांचे पूर्वज सुमारे ७०,००० ते ५०,००० वर्षांपूर्वीच्या काळात तेथून बाहेर पडले. पश्चिम आशियात त्यांचा निअँडरथल मानवाशी संकर झाला आणि त्यामुळे भारतीयांसह आफ्रिकेबाहेरील सर्व लोकांच्या जीनोममध्ये सुमारे १ ते २ टक्के निअँडरथल डीएनए आढळतो. दक्षिण आशियातील लोकांत डेनिसोवन या दुसऱ्या लुप्त मानवसमूहाचाही अल्प अंश आहे.

आधुनिक मानव उपखंडात नेमका केव्हा पोहोचला, हा वादाचा विषय आहे. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला व त्याची राख भारतभर पसरली. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे या राखेच्या थराखाली व वर दोन्हीकडे दगडी हत्यारे मिळाली. उद्रेकापूर्वीच आधुनिक मानव येथे आला होता, असा निष्कर्ष काही संशोधकांनी त्यावरून काढला. इतरांच्या मते ती हत्यारे आधीच्या मानवाची असू शकतात. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथेही ज्वालामुखीय राखेचा थर आहे, परंतु तो टोबाच्या याच उद्रेकाचा की त्याहून पुष्कळ जुना, याविषयी मतभेद झाले आहेत. जनुकीय पुरावा मात्र आजच्या भारतीयांचा बहुतेक वंश सुमारे ५०,००० वर्षांपूर्वीच्या प्रसारातून आल्याचे दर्शवतो. मध्य प्रदेशातील मेहताखेडी येथील सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीची सूक्ष्मास्त्रे आणि श्रीलंकेतील फा-हियन गुहेतील जवळपास त्याच काळातील अवशेष या चित्राशी सुसंगत आहेत. महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे मिळालेले शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी त्यानंतरच्या उत्तर पुराश्मयुगातील आहेत.

या आद्य रहिवाशांच्या वंशजांना जनुकशास्त्रात प्राचीन पूर्वज दक्षिण भारतीय असे नाव दिले आहे. त्यांचा अमिश्र स्वरूपातील एकही जीनोम अद्याप हाती आलेला नाही. इतर घटक वजा केल्यावर जे उरते त्यावरून त्यांचे अस्तित्व अनुमानले जाते. लहान अंदमान बेटावरील ओंगे जमात हे त्यांचे दूरचे नातलग आहेत. तथापि दोन्ही शाखा हजारो वर्षांपूर्वीच विभक्त झाल्या असल्याने ओंगे लोकांना भारतीयांचे पूर्वज म्हणणे योग्य नाही. मातृवंशात या आद्य घटकाचा वाटा विशेष मोठा आहे. भारतातील अर्ध्याहून अधिक लोकांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए ‘एम’ या समूहात मोडतो आणि त्याच्या अनेक उपशाखा केवळ दक्षिण आशियातच आढळतात.

## सिंधू संस्कृतीचे लोक

दुसरा मोठा घटक प्राचीन इराणी पठारावरील लोकांशी संबंधित आहे. पश्चिम आशियातील शेतकऱ्यांनी स्थलांतर करून शेतीचे तंत्र बलुचिस्तानातील मेहेरगढमार्गे सिंधू खोऱ्यात आणले, असे पूर्वी मानले जात असे. या कल्पनेची तपासणी करण्याची संधी हरियाणातील हिसार जिल्ह्यातील राखीगढी येथील उत्खननामुळे मिळाली.

डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तेथील हडप्पाकालीन दफनभूमीचे उत्खनन झाले. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेतील नीरज राय आणि हार्वर्ड विद्यापीठातील संशोधक यांच्या सहकार्याने ६१ अस्थिनमुन्यांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी केवळ एका नमुन्यातून पुरेसा डीएनए मिळाला, आणि तोही शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया करून. हा नमुना इ.स.पू. २८०० ते २३०० या काळातील एका स्त्रीचा होता. त्याचे निष्कर्ष सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या स्त्रीच्या जीनोममध्ये इराणी पठाराशी नाते असलेला घटक व दक्षिण आशियातील शिकारी-संग्राहकांचा घटक यांचे मिश्रण होते. गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नव्हता. शिवाय तिच्यातील इराणीसंबंधित घटक आणि पश्चिम इराणमधील आद्य शेतकऱ्यांचा वंश हे शेतीच्या उदयापूर्वीच, म्हणजे सुमारे १२,००० वर्षांपूर्वी वा त्याआधी, परस्परांपासून वेगळे झालेले दिसले. त्यामुळे पश्चिम इराणमधून शेतकऱ्यांचे मोठे स्थलांतर होऊन येथे शेती आली, ही कल्पना दुर्बळ ठरली. शेती स्थानिक लोकांनी विकसित केली असावी किंवा लोकांच्या मोठ्या हालचालीविना तिचे तंत्र येथे पोहोचले असावे, असा अर्थ संशोधकांनी लावला.

एकाच नमुन्यावरून संपूर्ण संस्कृतीविषयी विधान करणे धोक्याचे असते. परंतु पूर्व इराणमधील शहर-ए-सोख्ता आणि तुर्कमेनिस्तानातील गोनुर या स्थळांच्या दफनांत अशाच वंशमिश्रणाच्या ११ व्यक्ती आधीच आढळल्या होत्या. त्या तेथील स्थानिक लोकांपेक्षा स्पष्टपणे वेगळ्या होत्या. सिंधू संस्कृतीचे या दोन्ही ठिकाणांशी व्यापारी संबंध असल्याने त्या व्यक्ती सिंधू खोऱ्यातून गेलेल्या असाव्यात, असा तर्क मांडण्यात आला होता. राखीगढीच्या जीनोमने त्याला पुष्टी मिळाली. आजच्या दक्षिण आशियाई लोकांच्या वंशाचा सर्वांत मोठा स्रोत याच प्रकारची लोकसंख्या आहे. सिंधू खोऱ्यातील नगरे ओस पडली, तरी तेथील लोकांचा वंश उत्तर व दक्षिण भारतात सर्वत्र टिकून राहिला.

## गवताळ प्रदेशातील पशुपालक

काळ्या समुद्रापासून कझाकस्तानपर्यंत पसरलेल्या स्टेप या गवताळ प्रदेशात सुमारे ५,००० वर्षांपूर्वी यामनाया नावाची पशुपालक संस्कृती उदयास आली. तिच्या लोकांचा प्रसार पश्चिमेस युरोपात झाला. तेथील शेतकऱ्यांशी मिश्रण झालेल्या त्यांच्या वंशजांपैकी काही समूह पुन्हा पूर्वेकडे पसरले. सिंताश्ता व आंद्रोनोवो या कांस्ययुगीन संस्कृती त्यांच्याशी निगडित आहेत.

२०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात वागीश नरसिंहन व सहकाऱ्यांनी मध्य आशिया आणि दक्षिण आशियाच्या उत्तर भागातील ५२३ प्राचीन व्यक्तींच्या जीनोमचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार स्टेपमधील पशुपालकांचा वंश इ.स.पू. २००० ते १५०० या काळात दक्षिणेकडे सरकत उपखंडात पोहोचला. हा काळ नागर हडप्पा संस्कृतीच्या ऱ्हासानंतरचा आहे. वाटेत लागणाऱ्या ऑक्सस खोऱ्यातील नागर संस्कृतीच्या लोकांचा मात्र नंतरच्या दक्षिण आशियाई वंशात फारसा वाटा नाही. पाकिस्तानातील स्वात खोऱ्यात इ.स.पू. १२०० नंतरच्या दफनांतील व्यक्तींमध्ये स्टेप घटक आढळतो.

आजच्या लोकसंख्येत या घटकाचे प्रमाण काही समूहांत सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जाते. वायव्येकडून दक्षिणेकडे व पूर्वेकडे ते साधारणपणे कमी होत जाते. परंपरेने पौरोहित्य करणाऱ्या काही समूहांत ते भौगोलिक अपेक्षेपेक्षा अधिक दिसते. या घटकाचा प्रसार स्त्री-पुरुषांमार्फत समान प्रमाणात झाला नाही. भारतात बऱ्याच प्रमाणात आढळणारी ‘आर१ए’ ही पितृवंशाची शाखा स्टेपशी निगडित आहे, तर मातृवंशाच्या रेषा बहुतांश स्थानिक आहेत. म्हणजे आजच्या लोकांत हा वंश मुख्यतः पुरुषांकडून आला. स्वात खोऱ्यातील प्राचीन नमुन्यांत मात्र तो अधिक प्रमाणात स्त्रियांमार्फत आल्याची चिन्हे आहेत. मिश्रणाची प्रक्रिया सर्वत्र एकसारखी नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

पूर्व युरोप व दक्षिण आशिया या दोन्ही ठिकाणी कांस्ययुगात पोहोचलेला समान वंशघटक हाच असल्याने इंडो-युरोपीय भाषांचा प्रसार या स्थलांतराशी जोडला जातो. डीएनएमध्ये भाषेची नोंद नसते. म्हणून हा निष्कर्ष जनुकीय पुरावा भाषाशास्त्र व पुरातत्त्व यांच्याशी ताडून काढावा लागतो.

## पूर्व व ईशान्य भारत

संथाली, मुंडारी, हो इत्यादी मुंडा भाषा ऑस्ट्रोएशियाटिक कुळातील असून त्यांच्या नातलग भाषा व्हिएतनाम व कंबोडियापर्यंत पसरल्या आहेत. मुंडा भाषक समाजांच्या वाय गुणसूत्रांत आग्नेय आशियाशी संबंधित एक शाखा मोठ्या प्रमाणात आढळते. त्यांचा मातृवंश मात्र प्रामुख्याने भारतीय आहे. आग्नेय आशियातून आलेल्या, बहुधा पुरुषप्रधान, समूहांचे स्थानिक लोकांशी मिश्रण होऊन हे समाज बनले, असे यावरून मानले जाते. मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेकडील कोरकू भाषा महाराष्ट्रात मेळघाट परिसरात व लगतच्या मध्य प्रदेशात बोलली जाते.

हिमालयाच्या पायथ्याशी व ईशान्य भारतात तिबेटो-बर्मी भाषा बोलणाऱ्या समाजांत पूर्व आशियाई वंशाचे प्रमाण अधिक आहे. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेच्या पार्थ मजुमदार व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मुख्य भूमीवरील १८ समूहांच्या अभ्यासातून उत्तर भारतीय, दक्षिण भारतीय, ऑस्ट्रोएशियाटिक व तिबेटो-बर्मी असे चार वंशघटक ओळखले. अंदमानातील जमातींचा घटक त्यांनी स्वतंत्र मानला.

## मिश्रणाचा काळ आणि अंतर्विवाहाचा प्रारंभ

सिंधू खोऱ्यातील लोकसंख्येचे उत्तरेत स्टेप पशुपालकांशी मिश्रण होऊन पूर्वज उत्तर भारतीय हा समूह बनला, तर दक्षिण व पूर्वेकडील शिकारी-संग्राहकांशी मिश्रण होऊन पूर्वज दक्षिण भारतीय हा समूह बनला. पुढे या दोन्ही समूहांचे परस्परांत व्यापक मिश्रण झाले. २००९ च्या अभ्यासात समाविष्ट असलेल्या बहुतेक समाजांत उत्तर भारतीय घटकाचे प्रमाण ३९ ते ७१ टक्के आढळले.

प्रिया मुरजानी, थंगराज, राइश व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ७३ समूहांच्या अभ्यासातून या मिश्रणाचा काळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा असल्याचे दाखवले. भिल्लांसारख्या आदिवासी जमातीत आणि दक्षिणेतील कळ्ळर समाजातही त्याच्या खुणा मिळाल्या. याचा अर्थ सुमारे दोन हजार वर्षे उपखंडात निरनिराळ्या समूहांमध्ये विवाहसंबंध मोठ्या प्रमाणावर होत होते आणि आज परस्परांपासून अलग राहणाऱ्या समाजांचे पूर्वजही त्यात सामील होते. त्यानंतर हे चित्र पालटले. २०१६ च्या अभ्यासानुसार अनेक समाजांतील बाहेरील मिश्रण सुमारे ७० पिढ्यांपूर्वी एकाएकी थांबले. संशोधकांनी या काळाचा संबंध गुप्त साम्राज्याच्या सुमारास दृढ झालेल्या सामाजिक निर्बंधांशी जोडला आहे.

या बदलाचे स्वरूप लक्षणीय आहे. एकाच गावात शतकानुशतके शेजारी राहिलेल्या दोन जातींमधील जनुकीय अंतर कधी कधी युरोपातील दूरवरच्या दोन देशांतील लोकांमधील अंतरापेक्षाही अधिक आढळते. हे अंतर मूळ वंश वेगळे असल्याने आलेले नाही. लहान समूहांतून प्रारंभ होऊन पिढ्यान्‌पिढ्या आपसातच विवाह झाल्याने ते वाढत गेले. पूर्वज बहुतांशी समान आणि तरीही समूह विभक्त, हे भारतीय लोकसंख्येचे वैशिष्ट्य या दोन टप्प्यांतून निर्माण झाले.

## ऐतिहासिक काळातील स्थलांतरे

ऐतिहासिक काळातही बाहेरील समूह उपखंडात येत राहिले. त्यांचा एकूण लोकसंख्येवरील जनुकीय प्रभाव मर्यादित असला, तरी काही समाजांत तो ठळक दिसतो.

* बेने इस्रायल : कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात वसलेला हा मराठीभाषक ज्यू समाज. शनिवारी तेलघाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनवार तेली या नावाने ओळखले जात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतील ज्यू वंश व भारतीय वंश असे दोन्ही घटक आढळले. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाले असा अंदाज आहे.
* पारशी : इराणमधून गुजरातच्या किनाऱ्यावर आलेल्या या समाजाचे जनुकीय साम्य प्राचीन इराणी लोकांशी अधिक आहे. गुजरातमधील संजाण येथील जुन्या पारशी अवशेषांत सुमारे निम्मे मातृवंश दक्षिण आशियाई आढळले. आरंभीच्या पिढ्यांत स्थानिक स्त्रियांशी विवाह झाल्याचे यावरून दिसते.
* सिद्दी : गुजरात व कर्नाटकातील सिद्दी समाजात आफ्रिकेतील बांटू भाषक लोकांचा वंश प्रमुख असून त्याला भारतीय व काही प्रमाणात युरोपीय वंशाची जोड आहे.

उत्तराखंडातील रूपकुंड या हिमालयीन सरोवरातील सांगाड्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष अनपेक्षित होता. २०१९ मध्ये तपासलेल्या ३८ व्यक्तींपैकी २३ दक्षिण आशियाई वंशाच्या व सुमारे इ.स. ८०० च्या काळातील होत्या. १४ व्यक्तींचा वंश पूर्व भूमध्य समुद्राच्या परिसरातील असून त्यांचा मृत्यू इ.स. १८०० च्या सुमारास झाला होता, तर एक व्यक्ती आग्नेय आशियाई वंशाची होती. सर्वांचा मृत्यू एकाच दुर्घटनेत झाला, हा प्रचलित समज त्यामुळे मागे पडला.

## जनुकीय वारसा आणि आरोग्य

वंशाच्या इतिहासाचा वर्तमान जीवनाशी सर्वांत थेट संबंध आरोग्याच्या क्षेत्रात येतो. एखाद्या लहान मूळ समूहातील एका व्यक्तीत असलेला सदोष जनुक, आपसातच विवाह होत राहिल्यास, पुढील पिढ्यांत वारंवार दिसू लागतो. यास संस्थापक परिणाम म्हणतात. आई व वडील या दोघांकडून तोच सदोष जनुक आल्यास अप्रभावी स्वरूपाचे आनुवंशिक आजार प्रकट होतात. येथे जवळच्या नात्यात विवाह झालेला असणे आवश्यक नसते. संपूर्ण समाजच थोड्या पूर्वजांचा वंशज असणे पुरेसे ठरते.

२०१७ मध्ये २६० हून अधिक दक्षिण आशियाई समूहांच्या अभ्यासात ८१ समूहांमधील संस्थापक परिणाम फिनलंडमधील लोक व अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र असल्याचे दिसले. त्यांपैकी काहींची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक आहे. आंध्र प्रदेशातील वैश्य समाजात शस्त्रक्रियेपूर्वी दिल्या जाणाऱ्या, स्नायू शिथिल करणाऱ्या एका औषधाला गंभीर प्रतिसाद देणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण अधिक असते. शरीरातील एका विकराच्या आनुवंशिक कमतरतेमुळे असे घडते. भूलतज्ज्ञाला याची पूर्वकल्पना असल्यास धोका टाळता येतो.

काही उत्परिवर्तने संपूर्ण उपखंडात पसरलेली आहेत. हृदयाच्या स्नायूंतील एका प्रथिनाच्या जनुकातून २५ अक्षरे गळालेला प्रकार सुमारे ४ टक्के दक्षिण आशियाई लोकांत असून तो उतारवयातील हृदयविकाराचा धोका वाढवतो. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचे कारण वेगळे आहे. त्याचा एकच सदोष जनुक असलेल्या व्यक्तीला मलेरियापासून काही संरक्षण मिळत असल्याने मलेरियाग्रस्त प्रदेशांत तो टिकून राहिला. या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू केले. प्रौढ वयातही दूध पचवण्याची क्षमता देणारे, भारतात आढळणारे प्रमुख उत्परिवर्तन युरोपातील उत्परिवर्तनाशी एकरूप आहे. जुन्या स्थलांतरांची खूण अशा रीतीने दैनंदिन आहारातही दिसते.

## वाद व गैरसमज

भारतात या संशोधनाचे निष्कर्ष अनेकदा राजकीय व सामाजिक वादांत ओढले गेले आहेत. राखीगढीच्या जीनोममध्ये स्टेप घटक नाही, या एकाच निष्कर्षातून परस्परविरोधी दावे करण्यात आले. एका बाजूने तो बाहेरून कोणीही न आल्याचा पुरावा मानला, तर दुसऱ्या बाजूने स्टेप वंश हडप्पा काळानंतर आल्याचा. राखीगढीची स्त्री व आजचे भारतीय यांच्या जीनोमची तुलना केल्यास नंतरच्या काळात नवा वंशघटक येऊन मिसळल्याचे दिसते, आणि त्याच वेळी आजच्या भारतीयांच्या वंशाचा सर्वांत मोठा भाग हडप्पाकालीन लोकांशीच जोडलेला असल्याचेही दिसते.

जनुकीय मिश्रणावरून ते कोणत्या परिस्थितीत झाले हे थेट सांगता येत नाही. आक्रमण, मंद गतीचे स्थलांतर, व्यापार किंवा पशुपालकांचे हंगामी भ्रमण यांपैकी कशानेही वंशाचे प्रमाण बदलू शकते. त्यासाठी पुरातत्त्वीय पुरावा आवश्यक असतो. त्याचप्रमाणे आर्य व द्रविड या संज्ञा मूलतः भाषाकुळांशी संबंधित आहेत. त्या नावांचे दोन स्वतंत्र वंश आजच्या लोकसंख्येत आढळत नाहीत. मराठी भाषा इंडो-आर्य कुळातील असली, तरी मराठी भाषकांचा वंश उपखंडातील इतरांप्रमाणेच मिश्र आहे.

स्टेप घटकाच्या कमी-अधिक प्रमाणावरून सामाजिक श्रेष्ठत्व वा मूळ रहिवासी असण्याचा हक्क सिद्ध करण्याच्या प्रयत्नांनाही शास्त्रीय आधार नाही. कोणत्याही आधुनिक समाजाला एकाच प्राचीन समूहाचा शुद्ध वारस म्हणता येत नाही. नागरिकत्व, हक्क व सामाजिक न्याय हे प्रश्न जनुकशास्त्राने सुटणारे नाहीत.

## अलीकडील संशोधन

जगातील जीनोमविषयक माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण अधिक आणि दक्षिण आशियाई लोकांचे त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अतिशय कमी आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जीनोम इंडिया प्रकल्प हाती घेतला. त्यात देशातील विविध समाजांतील सुमारे १०,००० व्यक्तींच्या जीनोमचे वाचन करण्यात आले व ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना फरिदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रामार्फत खुली करण्यात आली. याच वर्षी २,७६२ भारतीयांच्या संपूर्ण जीनोमवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. इराणीसंबंधित घटकाचे साम्य ताजिकिस्तानातील सराझ्म या प्राचीन शेतकरी वसाहतीतील लोकांशी असल्याचे त्यात दिसून आले.

दक्षिण व मध्य भारतातील प्राचीन अवशेषांतून डीएनए मिळवणे हे या क्षेत्रापुढील प्रमुख आव्हान आहे. आद्य शिकारी-संग्राहकांचा प्रत्यक्ष जीनोम आणि सिंधू खोऱ्यातील आणखी नमुने उपलब्ध झाल्यास आज अनुमानावर आधारलेले अनेक निष्कर्ष पडताळून पाहता येतील.